न सांगितलेले डॉलर : १९९६ च्या कल्याण-सुधारणेवरच्या प्रकल्पाच्या नोंदी

८ जानेवारी २०२४

प्रश्न ठरला. गरीब कुटुंबांची सरकारी मदत बदलणाऱ्या १९९६ च्या कायद्याचा अमेरिकेतल्या कमी शिकलेल्या एकल मातांच्या कामावर आणि घरात येणाऱ्या पैशावर काय परिणाम झाला, हे १९९० ते २००२ च्या कुटुंब-सर्वेक्षणांतून काढायचं. विषय जुना आहे, त्यावर ढीगभर लिहिलं गेलंय. अर्थशास्त्रज्ञ रिबेका ब्लँक यांनी २००२ मध्येच त्या अभ्यासांचा लांबलचक आढावा घेतला होता. आपल्याला नवा निकाल लावायचा नाही. निकालाचा किती भाग कायद्याने घडवला आणि किती भाग प्रश्नावलीने, एवढं वेगळं करून बघायचंय.

कायद्याचा सांगाडा एका कागदावर उतरवून ठेवला. २२ ऑगस्ट १९९६ ला बिल क्लिंटन यांची सही. गरीब घरांतल्या मुलांसाठी १९३५ पासून चालत आलेली रोख मदत, म्हणजे एएफडीसी, संपली आणि तिच्या जागी टॅनफ, म्हणजे गरजू कुटुंबांना तात्पुरती मदत, आली. आधी जो पात्र ठरेल त्याला पैसे मिळत आणि खर्च वाढला की संघीय सरकारचा वाटाही वाढे. आता सगळ्या राज्यांना मिळून वर्षाला सुमारे १६.५ अब्ज डॉलरचं ठोक अनुदान. आकडा गोठवलेला, महागाईशी त्याचा संबंध नाही. संघीय पैशातून आयुष्यभरात जास्तीत जास्त ६० महिने मदत. राज्य २० टक्के कुटुंबांना त्यातून सूट देऊ शकतं. कामाची अट आहेच. उरलेलं बरंच काही राज्यांच्या मर्जीवर. नवी पद्धत १ जुलै १९९७ पर्यंत सगळीकडे लागू व्हायची होती.

राज्याराज्यांतला फरक आधीपासूनच प्रचंड. जुलै १९९६ मध्ये तिघांच्या कुटुंबाला महिन्याला जास्तीत जास्त मदत मिसिसिपीत १२० डॉलर, अलास्कात ९२३. 'अमेरिकेत मदत कमी झाली तेव्हा' असलं वाक्य अहवालात येऊ द्यायचं नाही. आधी राज्य, मग वाक्य.

१० जानेवारी

डेटा कुठला घ्यायचा यावर दिवस गेला. तीन सर्वेक्षणं उमेदवार, तिन्ही अमेरिकेच्या जनगणना खात्याची, म्हणजे सेन्सस ब्युरोची.

सीपीएस, म्हणजे रोजगार मोजणारं मासिक सर्वेक्षण : दरमहा सुमारे ६०,००० घरं. मार्चच्या पुरवणीत गेल्या वर्षाच्या उत्पन्नाचे प्रश्न असतात. मोठा, दरवर्षीचा, सगळ्या राज्यांतला. पण तो पत्त्यामागे जातो, माणसामागे नाही. एक पत्ता चार महिने नमुन्यात, आठ महिने बाहेर, पुन्हा चार महिने आत. मधल्या काळात कोणी घर सोडलं तर त्या पत्त्यावर आलेलं नवं कुटुंब उत्तरं देतं. मदत बंद झाल्यावर भाडं झेपत नाही म्हणून बहिणीकडे राहायला गेलेली बाई आपल्याला हवी आहे आणि नेमकी तीच निसटते.

सिप, म्हणजे उत्पन्न आणि सरकारी योजनांचं सर्वेक्षण : त्या काळात त्याच माणसांना दर चार महिन्यांनी भेटायचा, त्यांनी घर बदललं तरी मागावर जायचा, महिन्यामहिन्याचा हिशेब विचारायचा. आपल्या कामासाठी उत्तम. गोम तारखांत आहे. १९९३ चं पॅनल, म्हणजे त्या वर्षी निवडलेला माणसांचा गट, १९९५ च्या सुमारास संपतं. १९९६ चं पॅनल कायद्यावर सही होण्याच्या जेमतेम काही महिने आधी सुरू होतं आणि १२ फेऱ्या, म्हणजे चार वर्षं, चालतं. एकाच बाईचा कायद्याआधीचा आणि नंतरचा असा लांब पट्टा कुठल्याच पॅनलमध्ये सापडत नाही.

एसपीडी, म्हणजे कायद्याचे परिणाम बघायला काढलेलं सर्वेक्षण : ही फट कायदा लिहिणाऱ्यांनाही दिसली होती. म्हणून त्यांनी कायद्यातच सेन्सस ब्युरोवर काम सोपवलं, की सिपच्या १९९२ आणि १९९३ च्या पॅनलमधली माणसं पुन्हा गाठा आणि पुढची काही वर्षं त्यांच्यामागे राहा. कल्पना सुरेख. प्रत्यक्षात मूळ नमुन्यातली निम्म्याच्या आसपास घरं हातातून गेली. जी गेली ती सगळ्या थरांतून सारख्या प्रमाणात गेली असतील, असं मानायला काही आधार नाही. भारांक, म्हणजे प्रत्येक उत्तराला दिलेलं वजन, बदलून वय, वंश, शिक्षण यांचं प्रमाण सावरता येतं. ज्या कारणामुळे बाई दार उघडत नाही ते कारण भारांकात नसतं.

ठरलं ते असं : सीपीएस मुख्य, सिप महिन्यांच्या हालचालींसाठी, एसपीडी फक्त पडताळणीपुरतं. अर्बन इन्स्टिट्यूटने १९९७, १९९९ आणि २००२ मध्ये केलेलं सर्वेक्षणही पाहिलं. १३ राज्यांत नमुने भरपूर मोठे, पण पहिली फेरीच कायद्यानंतरची. बाजूला ठेवलं.

१५ जानेवारी

सीपीएसच्या फायली मिनेसोटा विद्यापीठाच्या आयपम्स या डेटासंग्रहातून उतरवल्या. वर्षावर्षाला बदलणारे कोड त्यांनी एका साच्यात आणून ठेवलेत म्हणून महिनाभराचं काम वाचलं. तरीही कोडबुक वाचायला पर्याय नाही.

'एकल माता' कोणाला म्हणायचं? घरप्रमुख म्हणून नोंद असलेल्या बायकाच घेतल्या तर आईवडिलांकडे राहणारी २० वर्षांची मुलगी आणि तिचं बाळ गळतात. त्या घराचा प्रमुख तिचा बाप असतो आणि ती 'उपकुटुंब' म्हणून नोंदली जाते. मदतीचा अर्ज मात्र तिचा आणि तिच्या मुलाचा असतो. उपकुटुंबं आत घेतली. त्याने नमुना वाढतो हे तर आहेच, शिवाय तो तरुण आणि कधीच लग्न न झालेल्या बायकांकडे झुकतो. कायद्याचा रोख याच बायकांवर होता.

जोडीदाराची भानगड वेगळी. लग्न न करता एकत्र राहणारा जोडीदार सीपीएसमध्ये स्वतंत्र नात्याने १९९५ पासून नोंदला जातो. त्याआधी तो भाडेकरू किंवा असाच कोणी परका. १९९५ नंतर एकत्र राहणं वाढलं की दिसू लागलं, हे या डेटातून सांगता येणार नाही. जोडीदाराचं उत्पन्न मुख्य हिशेबातून बाहेर ठेवतोय.

१६ जानेवारी

छोटी नोंद, पण पुढे डोकेदुखी नको म्हणून लिहून ठेवतो. मार्च १९९७ च्या फाइलमधलं उत्पन्न १९९६ चं आहे. कामाचा प्रश्न ('गेल्या आठवड्यात') मात्र मार्च १९९७ चा. मुलाचं वयही मार्चचं. त्यामुळे जिचं बाळ दोन महिन्यांचं आहे ती मार्चमध्ये आई आहे, पण ज्या वर्षाचं उत्पन्न सांगतेय त्या वर्षी नव्हती. एका वर्षाखालचं एकुलतं मूल असलेल्या बायका उत्पन्नाच्या गणितातून काढल्या, कामाच्या गणितात ठेवल्या.

२२ जानेवारी

आज फक्त आलेख काढले, कुठलंही मॉडेल नाही. रेषा इतक्या बोलक्या आहेत की माणूस मॉडेलआधीच निष्कर्ष लिहून मोकळा होईल. रोख मदत घेणारी कुटुंबं १९९४ मध्ये सुमारे ५० लाखांवर पोचली होती, २००० पर्यंत ती साधारण २२ लाखांवर आली. कधीच लग्न न झालेल्या मातांमध्ये काम करणाऱ्यांचं प्रमाण १९९३ मध्ये सुमारे ४४ टक्के होतं, २००० मध्ये ६६ टक्क्यांच्या घरात गेलं. बालदारिद्र्य १९९६ मध्ये २०.५ टक्के, २००० मध्ये १६.२.

आता त्याच आलेखावर बाकीच्या गोष्टी मांडल्या. कमी मजुरीवर काम करणाऱ्यांना करातून पैसे परत देणारी ईआयटीसी १९९३ मध्ये मोठी वाढवली गेली, ती वाढ टप्प्याटप्प्याने १९९६ पर्यंत लागू झाली. किमान वेतन १ ऑक्टोबर १९९६ ला ४.२५ वरून ४.७५ डॉलर आणि १ सप्टेंबर १९९७ ला ५.१५. बेकारी घसरत २००० मध्ये ४ टक्क्यांवर. मुलांच्या आरोग्यविम्याचा नवा कार्यक्रम १९९७ चा. कामाकडे ढकलणारी झाडून सगळी कारणं त्याच चार-पाच वर्षांत एका जागी येऊन बसलीत.

शिवाय कामाच्या रेषेचा चढ कायद्याच्या आधीच सुरू होतो. ब्रूस मेयर आणि डॅन रोझेनबॉम यांच्या २००१ च्या अभ्यासात १९८४ ते १९९६ मधली एकल मातांच्या रोजगारातली जी वाढ (मूल नसलेल्या एकट्या बायकांच्या तुलनेत) दिसते, तिचा ६० टक्क्यांहून जास्त भाग ईआयटीसी आणि इतर करबदलांच्या खात्यात जातो. आमची रेषा त्याच्याशी भांडत नाही.

२९ जानेवारी

तुलनेचा गट. मूल नसलेल्या, कमी शिकलेल्या एकट्या बायका घेतल्या. एएफडीसी त्यांना नव्हतीच, ईआयटीसी अगदी नाममात्र. बाजारातली तेजी मात्र दोघींना सारखी, निदान कागदावर. 'निदान' अशासाठी की तेजी शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचते तेव्हा जी आधीपासून नोकरीत आहे तिला तिचा फायदा वेगळा आणि जी कधीच नोकरीत नव्हती तिला वेगळा.

टॅनफ सुरू होण्याची तारीख राज्यांनुसार बदलते, पण सगळी राज्यं १९९६ च्या शरदापासून १९९८ च्या सुरुवातीपर्यंतच्या अरुंद पट्ट्यात. कॅलिफोर्निया शेवटच्यांपैकी. एवढ्याशा फरकावर परिणाम टांगणं धोक्याचं. त्याआधीच्या 'वेव्हर' म्हणजे खास परवानगीने केलेल्या प्रयोगांच्या तारखा जास्त विखुरलेल्या आहेत, त्या धरल्या. इथेही गुंता आहेच : आधी सुरू झालेली राज्यं नंतर सुरू झालेल्यांसाठी तुलनेचा गट होऊन बसतात आणि परिणाम काळागणिक वाढत असेल तर अंदाज वाकडा येतो. गुडमन-बेकन यांनी ते २०२१ मध्ये नीट मांडल्यापासून जुन्या निकालांकडे पुन्हा बघणं भाग आहे. अजून मदत न बदललेली राज्यंच तुलनेला घेऊन पुन्हा चालवलं. वेव्हरचा परिणाम त्याच दिशेचा राहिला, अनिश्चिततेचा पट्टा रुंदावला. स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाज किती डळमळीत आहे त्याचं माप, राज्याच्या गठ्ठ्यात घेतलेत, नाहीतर सगळंच 'महत्त्वपूर्ण' दिसतं.

५ फेब्रुवारी

कालमर्यादेसाठी जेफ्री ग्रॉगर यांची युक्ती वापरली. या सगळ्या साहित्यातली मला सर्वांत आवडलेली कल्पना हीच. मदत मूल साधारण १८ वर्षांचं होईपर्यंत. म्हणजे जिचं धाकटं मूल १३ च्या पुढे आहे तिला ६० महिन्यांची मर्यादा लागूच पडत नाही, त्याआधी मूलच मोठं होऊन जातं. जिचं मूल तीन वर्षांचं आहे तिच्यापुढे १५ वर्षं आहेत आणि हातात पाचच वर्षांची मदत. शहाणी बाई काय करेल? महिने जपून ठेवेल. मग कालमर्यादेचा परिणाम लहान मुलांच्या आयांमध्ये जास्त दिसायला हवा आणि तो मर्यादा प्रत्यक्ष संपण्याच्या आधीच दिसायला हवा. संघीय घड्याळ कोणाचंही २००१ च्या शरदाआधी संपू शकत नव्हतं.

सीपीएसमध्ये धाकट्या मुलाच्या वयाप्रमाणे गट पाडले. दिशा तीच येते : मदत घेण्यातली घट लहान मुलांच्या आयांमध्ये जास्त. इथे मला थोडा विश्वास वाटतो, कारण तेजी किंवा ईआयटीसी मुलाचं वय बघून असा नेमका फरक करत नाहीत.

१२ फेब्रुवारी

सिपवर आठवडा. त्यात एक ठरलेली खोड आहे. मुलाखत चार महिन्यांतून एकदा, त्यामुळे बदल सगळे दोन फेऱ्यांच्या सांध्यावर जमा होतात. बाई मदतीतून फेब्रुवारीत बाहेर पडली असो की मार्चमध्ये, डेटात ती बहुतेक वेळा सांध्याच्या महिन्यातच बाहेर पडते. 'किती महिन्यांनी मदत सुटली' या प्रश्नावर सरळ मॉडेल बसवलं तर आपण मुलाखतींचं वेळापत्रक मोजत बसू. नमुना चार गटांत विभागून वेगवेगळ्या महिन्यांत मुलाखती होतात, म्हणून एकत्रित रेषा गुळगुळीत दिसते आणि फसवते. दर फेरीचा फक्त चौथा महिना ठेवला. माहिती जाते, पण जी उरते ती खरी.

दुसरी जुनी गोष्ट इथे पुन्हा भेटली. मेरी जो बेन आणि डेव्हिड एलवूड यांनी दाखवलं होतं, की ज्या कुटुंबांनी कधी ना कधी मदत घेतली त्यांतली बरीच लवकर बाहेर पडतात, पण एखाद्या दिवशी यादी उघडली तर तीत दीर्घकाळ राहिलेली कुटुंबं जास्त दिसतात. दोन्ही खरं. १९९६ च्या वादात एका बाजूने पहिला आकडा उचलला, दुसऱ्याने दुसरा. आपल्या अहवालात प्रत्येक टक्क्यापुढे 'कोणाच्या' हे लिहायचं.

१९ फेब्रुवारी

सरासरीवरून वाद. सहकारी म्हणाली, उत्पन्नावरचा सरासरी परिणाम एका ओळीत दे, वाचणारा तेच शोधतो. मी नाही म्हटलं. कनेक्टिकटच्या 'जॉब्स फर्स्ट' प्रयोगाचं उदाहरण दिलं. तिथे कुटुंबं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी जुन्या आणि नव्या नियमांत वाटली होती. नव्यात मदत फक्त २१ महिने, पण मदत ठरवताना दारिद्र्यरेषेपर्यंतची कमाई मोजायचीच नाही. बिटलर, गेल्बाख आणि हॉइन्स यांनी २००६ मध्ये दाखवलं की सरासरीमागे अगदी उलटसुलट परिणाम दडलेत : कमाईच्या तळाशी काहीच नाही, मध्ये वाढ, वरच्या टोकाला शून्य किंवा घट. सिद्धान्त हेच सांगतो. सरासरी ते खाऊन टाकते.

तिला पटलं, पण तिचा पुढचा प्रश्न माझ्यापेक्षा बरा होता : तळाचा दशांश, म्हणजे सर्वांत गरीब दहा टक्के, तू सीपीएसमधून काढणार आहेस, तिथे उत्पन्न खरं नोंदलेलं आहे का?

२१ फेब्रुवारी

नाही.

भारांक लावून सर्वेक्षणातली रोख मदत जोडली आणि प्रशासकीय बेरजेशी, म्हणजे सरकारने प्रत्यक्ष दिलेल्या रकमेशी, ताडून पाहिली. अंतर मोठं आहे आणि १९९० च्या दशकात ते वाढत जातं. हे आधीच माहीत असलेलं दुखणं आहे. मेयर, मोक आणि सलिव्हन यांनी अनेक योजनांसाठी ते दाखवलंय. न्यूयॉर्क राज्याच्या प्रशासकीय नोंदी सीपीएसला जोडून मेयर आणि निकोलस मिटाग यांनी पाहिलं तेव्हा फूड स्टॅम्प (अन्नासाठीची सरकारी मदत) घेणाऱ्यांपैकी ४० टक्के आणि टॅनफ किंवा राज्याची सर्वसाधारण मदत घेणाऱ्यांपैकी ६० टक्के सर्वेक्षणात दिसतच नव्हते. घेतात, पण 'घेतो' असं नोंदलं गेलेलं नाही.

यातलं खरं संकट वाढत्या अंतरात आहे. अंतर कायम राहिलं असतं तर आधी-नंतरच्या वजाबाकीत ते बरंचसं निघून गेलं असतं. पण कायद्याने मदतीचं रूपच बदललं. एका योजनेची राज्यागणिक नावं झाली : विस्कॉन्सिनमध्ये डब्ल्यू-टू, कॅलिफोर्नियात कॅलवर्क्स, टेनेसीत फॅमिलीज फर्स्ट. मदतीचे टप्पे तुटक झाले. पैसा रोखीतून पाळणाघर, प्रवास, प्रशिक्षण आणि भलत्याच कामांकडे वळला. टॅनफच्या एकूण खर्चात रोख मदतीचा वाटा १९९७ मध्ये सुमारे ७० टक्के होता, दोन दशकांनी पावाच्याही खाली. 'गेल्या वर्षी सरकारकडून रोख मदत मिळाली का' या प्रश्नाला १९९२ मध्ये 'हो' म्हणणं सोपं होतं. १९९९ मध्ये तीन महिने थोडे पैसे आणि बाकी पाळणाघराची पावती असलेली बाई 'नाही' म्हणाली, तर ती खोटं बोलतेय असं म्हणवत नाही.

म्हणजे ज्या कायद्याचा परिणाम मोजायचा, त्यानेच मोजपट्टी आखडली असण्याची शक्यता आहे.

२६ फेब्रुवारी

सोपा उपाय सगळे सुचवतात : बेरीज निम्मी येते ना, मग मदत सांगणाऱ्या प्रत्येकीची रक्कम दुप्पट कर. करून पाहिलं, फेकून दिलं. तुटीचा मोठा भाग 'काहीच नाही' म्हणणाऱ्यांमध्ये आहे. खरं सांगणाऱ्यांची रक्कम फुगवली तर त्या श्रीमंत होतात आणि ज्यांची नोंद चुकली त्या तळाशीच राहतात.

तीच गोष्ट भरून काढलेल्या उत्तरांची. उत्तर आलं नाही तर सेन्सस ब्युरो मिळत्याजुळत्या दुसऱ्या माणसाचं उत्तर तिथे बसवतं. ही 'हॉट डेक' पद्धत बेरजेला ठीक. पण जुळवणीत जे धरलं नाही त्याचा परिणाम पुसट होतो. मला जर राज्याच्या नियमांचा परिणाम हवा असेल आणि जुळवणीत ते नियम नसतील, तर भरलेली उत्तरं मला शून्याकडे ओढणार. भरलेल्या उत्तरांवर खूण असते. ती वगळून, भारांक पुन्हा बसवून दुसरा संच तयार केला. यापुढे सगळे तक्ते दोन्ही संचांवर.

४ मार्च

स्थलांतरितांचा स्वतंत्र भाग करायचा विचार होता. २२ ऑगस्ट १९९६ नंतर आलेल्या बहुतेक कायदेशीर स्थलांतरितांना पहिली पाच वर्षं संघीय मदत नाही, म्हणजे तुलनेला आयता गट. सीपीएस १९९४ पासून जन्मदेश आणि नागरिकत्व विचारतो, तेही सोयीचं. पण कायद्यानंतर नागरिकत्वाचे अर्ज वाढले आणि त्यामागचं एक कारण हा कायदाच होता. 'नागरिक' आणि 'बिगरनागरिक' असे गट केले तर जी कुटुंबं मदतीला जास्त चिकटून होती तीच एका गटातून दुसऱ्यात गेलेली असणार. नागरिकत्वाऐवजी येण्याचं वर्ष वापरावं लागेल आणि तो नमुना फार तोकडा. सोडून दिलं. याच्यावर वेगळा प्रकल्प होऊ शकतो.

११ मार्च

तळाच्या दशांशावर परत. याच टोकावर सगळा वाद पेटलेला आहे. सिपवरून कॅथरिन एडिन आणि ल्यूक शेफर यांनी माणशी दिवसाला २ डॉलरांहून कमी रोख उत्पन्न असलेली, मुलांची कुटुंबं मोजली : १९९६ मध्ये ६ लाख ३६ हजार, २०११ मध्ये १४ लाख ६० हजार. उलट बाजूने मेयर आणि सहकाऱ्यांनी सर्वेक्षणाला कर आणि योजनांच्या नोंदी जोडल्या, वस्तुरूप मदत आणि मालमत्ता धरली. मग रोख उत्पन्नावरून त्या रेषेखाली दिसणाऱ्या ३६ लाख घरांपैकी ९० टक्क्यांहून अधिक घरं त्या वर्गातून बाहेर पडली.

हे वाचून 'मग गरिबी नव्हतीच' असं म्हणणारे लोक मला घाईचे वाटतात. फूड स्टॅम्पने भाडं देता येत नाही, शाळेचे बूट येत नाहीत. रोख किती आहे हा स्वतंत्र आणि खरा प्रश्न आहे. पण रोख किती आहे हे ज्या प्रश्नावलीवरून ठरवायचं तिच्यातच टॅनफची नोंद एवढी गळते, हेही तितकंच खरं. शिवाय दोन्ही बाजू ज्या यादीतून निघतात तीत रस्त्यावर राहणारी आणि तुरुंगातली माणसं मुळातच नाहीत. सर्वेक्षण घराचं दार वाजवतं.

खर्चाच्या सर्वेक्षणातून तिसरी साक्ष मिळते. मेयर आणि जेम्स सलिव्हन यांना एकल मातांच्या खर्चात, अगदी खालच्या थरातही, कोसळणं दिसलं नव्हतं. उत्पन्न पडतं, खर्च पडत नाही, तर मधले पैसे कुठून आले? न नोंदलेली मदत, न नोंदलेलं काम, जोडीदार, आईवडील, कर्ज. यातलं कर्ज असेल तर गोष्ट वेगळी आणि पहिलं असेल तर अगदी वेगळी.

१८ मार्च

आज अहवालाचा आराखडा ठरला. कामावरचा परिणाम पहिल्या प्रकरणात, ठामपणे : तो प्रश्न सोपा आहे, उत्तर बरं नोंदलं जातं, दोन्ही संचांत आणि सिपमध्ये दिशा बदलत नाही. श्रेयाची वाटणी मात्र 'कायदा इतके टक्के, ईआयटीसी इतके टक्के' अशी द्यायची नाही. पाळणाघराचे पैसे आणि ईआयटीसीचा परतावा असल्यामुळेच कामाची अट झेपली, असं असेल तर दोघांचे वाटे पाडणं निरर्थक आहे. त्यावर सहकारी अजून राजी नाही. तिच्या मते धोरण करणाऱ्यांना वाटे लागतातच.

तळाच्या दशांशासाठी एक आकडा नाही, पट्टा द्यायचा. एका कडेला सर्वेक्षणातली उत्तरं जशीच्या तशी. दुसऱ्या कडेला प्रशासकीय बेरजेपर्यंतची सगळी तूट 'नाही' म्हणणाऱ्या पात्र कुटुंबांत वाटून. कच्चं चालवून पाहिलं, तर पट्ट्याच्या दोन कडा शून्याच्या दोन बाजूंना पडतात. तक्त्यात तसंच छापायचं.

सर्वेक्षणाला जोडलेल्या प्रशासकीय नोंदींसाठी अर्ज भरून दिलाय, मंजुरीला वेळ लागेल. तोवर उपकुटुंबांतल्या मातांवर पट्टा वेगळा काढायचा. त्यांच्या बाबतीत मुलाखतीला उत्तर देणारी व्यक्ती बहुधा आजी असते आणि लेकीच्या नावाने आलेला धनादेश तिला माहीत असेलच असं नाही. कोणी स्वतः उत्तर दिलं आणि कोणाच्या वतीने दुसऱ्याने, याची खूण फाइलमध्ये कुठल्या चलात आहे ते उद्या शोधतो.